कमला खानचा हात लांबायलाच हवा होता का? (मिस मार्व्हल : कॉमिक ते मालिका)

शाईपाणी (धागाकर्ता)

दुसऱ्या धाग्यावर गाडी भलत्याच रुळावर गेली म्हणून हा वेगळा काढतोय. मालिका चांगली की वाईट हा इथला विषय नाही. प्रश्न एकच : मार्व्हलची सुपरहिरो कमला खान कॉमिकमध्ये शरीर हवं तसं ताणते, मालिकेत मात्र प्रकाशाचे ठोकळे घडवते. तिची शक्ती अशी बदलली, ते पटतं का? कॉमिक आणि मालिका दोन्हींचे शेवटपर्यंतचे तपशील येणार आहेत. बघायचं राहिलं असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.

ज्यांनी फक्त मालिका पाहिली त्यांच्यासाठी. कॉमिकचा पहिला अंक २०१४च्या फेब्रुवारीतला. लेखन जी. विलो विल्सन, चित्रं एड्रियन अल्फोना, संपादन सना अमानत. जर्सी सिटीतली सोळा वर्षांची पाकिस्तानी-अमेरिकन मुलगी घरच्यांचा डोळा चुकवून पार्टीला जाते, सुप्त शक्ती जागवणाऱ्या टेरिजनच्या धुक्यात सापडते, कोशात जाते. त्या धुंदीत तिला विचारलं जातं, तुला काय व्हायचंय? तिला कॅरल डॅनव्हर्स, म्हणजे तिची लाडकी सुपरहिरो कॅप्टन मार्व्हल, व्हायचं असतं. कोश फुटतो तेव्हा ती खरोखरच कॅरल झालेली असते : सोनेरी केस, जुना काळा पोशाख, मांडीपर्यंतचे बूट.

दुसऱ्या अंकात लगेच तक्रारी सुरू. केस तोंडात जातात, पोशाख नको तिथे रुततो, बूट टोचतात. त्याच अवतारात ती शाळेतल्या बुडणाऱ्या झोईला राक्षसी हात करून पाण्याबाहेर काढते. आणि पुढे तिला गोळी लागते तेव्हा या शक्तीचा खरा नियम कळतो : जखम भरून यायची तर स्वतःच्या मूळ रूपात परत यावं लागतं. कॅरल बनून राहिलात तर बरे होत नाही.

माझ्या मते अख्खं कॉमिक या एका नियमावर उभं आहे. मालिकेने शक्ती बदलली तेव्हा नुसता लांबणारा हात गेला नाही, हा नियमही गेला. त्याच्या जागी आजीने पाठवलेलं कडं आणि ते घातल्यावर घडवता येणारे जांभळट प्रकाशाचे ठोकळे आले. मला हे पटलेलं नाही. बोला.

चौकटबाह्य

बाडिस (म्हणजे सहमत). बाकी रुमाल टाकून ठेवतो.

उलटी_टोपी

शाईपाणी, नियमाचं बोललात ते मान्य, पण मालिका बनवणाऱ्यांनी हे आळसाने केलं असा सूर लागतोय, तो चुकीचा आहे. मार्व्हल स्टुडिओजच्या केव्हिन फायगींनी दिलेलं कारण कालक्रमाचं होतं. कॉमिकमधली कमला जन्मली तेव्हा सगळ्या मार्व्हल कॉमिक्समध्ये टेरिजनचं धुकं पसरलेलं होतं आणि जो तो इनह्यूमन, म्हणजे त्या धुक्याने शक्ती जागी होणारा, निघत होता. पडद्यावर त्या वेळी तसं काही चालू नव्हतं. शिवाय इनह्यूमन्सवर २०१७ साली एबीसीवर आठ भागांची मालिका येऊन एका सीझनमध्ये गुंडाळली गेली होती. त्या धुक्याला हात लावायचा म्हणजे आधी ते ओझं डोक्यावर घ्यायचं.

पण हे झालं उगमाचं. शक्तीचं रूप बदलण्यामागे निव्वळ कामाची कारणंही असतात, आणि त्याबद्दल चाहते फारसं बोलत नाहीत.

ताणलं जाणारं शरीर टीव्हीच्या वेळापत्रकात बसवणं ही डोकेदुखी आहे. अभिनेत्रीचं स्कॅन करून डिजिटल प्रतिकृती करायची, तिचा हात तिप्पट केला की त्वचेवरची छिद्रंही तिप्पट होतात, मग जवळच्या चौकटीत हात रबरी वाटतो. म्हणजे हाताचा आकार वाढला तरी त्वचेचा पोत मूळ मापाचा ठेवावा लागतो आणि त्यासाठी प्रत्येक मापाला वेगळा पोत रंगवायचा. बाही ताणायची की फाटायची? ताणली तर विणीचे धागे फाकतात. कॉमिकमध्ये तिच्या मित्राने, ब्रुनोने, ताणेल असा पदार्थ करून दिला म्हणून प्रश्न एका पानात सुटला. पडद्यावर मात्र कापडाचं सिम्युलेशन दर शॉटला नव्याने चालवावं लागतं.

सगळ्यात अवघड म्हणजे स्पर्श. मोठ्या पंजाने माणूस उचलला की बोटांखाली त्याचे कपडे दबले पाहिजेत, सावली पडली पाहिजे, त्याचं वजन त्या मनगटावर दिसलं पाहिजे. यातलं एक चुकलं की प्रेक्षकाला कारण सांगता येत नाही, पण खोटं लगेच कळतं.

प्रकाशाचा ठोकळा त्यामानाने सोपा. तो वेगळी वस्तू आहे, त्याला त्वचा नाही, कापड नाही.

रातकिडा

सोपा म्हणजे स्वस्त नाही हं, टोपीवाले. चमकणारी गोष्ट नंतर चिकटवली तर ती चिकटवल्यासारखीच दिसते. चित्रीकरणाच्या वेळीच अभिनेत्रीच्या चेहऱ्यावर, हनुवटीखाली, समोरच्या भिंतीवर त्याच रंगाचा उजेड पडावा लागतो. त्यासाठी हातात किंवा पायाखाली एलईडी पट्ट्या लावतात, नंतर त्या चित्रातून पुसतात. उजेड वाढण्या-विझण्याची वेळ ठरवून ठेवलेली नसेल तर इफेक्ट करणारे आणि कॅमेरावाले वेगवेगळ्या तालावर नाचतात.

आणि भर उन्हात ही शक्ती मार खाते. प्रकाश पाठीमागच्या चित्रात मिळवला जातो. मागे पांढरं आभाळ असेल तर मिळवून मिळवून मिळवणार काय? तो दिसतच नाही. म्हणून अशी दृश्यं रात्री किंवा बंद जागेत गेलेली बरी.

हवेतल्या प्रकाशाच्या चकत्यांवरून ती पळते तिथे पाय घसरल्यासारखे वाटतात, त्याचंही कारण हेच. चकती पारदर्शक, त्यामुळे पावलाखाली सावली नाही, आणि सावली नाही म्हणून पाऊल टेकलेलं वाटत नाही. खाली खरा चौथरा ठेवून त्यावर पळवलं तरी चौथऱ्याची उंची आणि चित्रातल्या चकतीची उंची जुळावी लागते.

बे_एके_बे

उलटी_टोपी यांचं 'अवघड आहे' पटलं, 'म्हणून टाळलं' हे पटलं नाही. डिजिटल हाताचा हट्ट कशाला? सहा भागांच्या मालिकेत मोठा हात किती वेळा लागेल, याचा हिशेब करा. दर भागात एकदा नीट दाखवा, बाकी वेळा सूचित करा. जुन्या युक्त्या आजही चालतात.

पहिली युक्ती भिंगाची. तळहात कॅमेऱ्यापासून ५० सेंटिमीटरवर आणि चेहरा ११० सेंटिमीटरवर असेल तर हात चेहऱ्याच्या मानाने २.२ पट मोठा दिसतो. हाताची लांबी तेवढीच असल्याने याहून फार पुढे जाता येत नाही. दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत, नाहीतर धूसर हात बघून भिंगाची करामत लक्षात येते. २५ मिमीचं भिंग घेतलं तरी त्याचं छिद्र एफ/१६पर्यंत बारीक करावं लागतं. नेहमी एफ/४वर काम चालत असेल तर हे चार स्टॉप झाले, म्हणजे सोळापट प्रकाश. सेटवरची वीज आणि अभिनेत्रीचा घाम दोन्ही धरून ठेवा.

दुसरी, बनवलेला पंजा. १७ सेंटिमीटरचा हात तिप्पट केला की ५१ सेंटिमीटर. इथे चुकतात ते लोक लांबी बघतात, घनफळ विसरतात. घनफळ २७ पट होतं. खरा हात साडेतीनशे-चारशे ग्रॅमचा धरला तर भरीव पंजा दहा किलोच्या आसपास जातो, आणि तो मनगटावर पेलून कुणी अभिनय करू शकत नाही. म्हणून आत पोकळ, वर फोम, त्यावर सिलिकॉनची पातळ कातडी, आणि भार खांद्यावरच्या पट्ट्यावर. स्पर्शाचा प्रश्न इथे आपोआप सुटतो, कारण झोईचा शर्ट खरोखर दबतो.

तिसरी, अख्खी कमला मोठी होते तेव्हा. मोठी वस्तू जड वाटायची तर ती सावकाश हलली पाहिजे, आणि किती सावकाश त्याचा नियम वर्गमुळाचा आहे. चौपट उंची दाखवायची तर हालचाल दुप्पट संथ हवी, म्हणजे ४८ फ्रेम्सनी टिपा आणि २४ने दाखवा. नऊपट असेल तर ७२. हे न करता नुसती आकृती मोठी केली की ती राक्षसीण न वाटता खेळण्यांच्या गावात उभी राहिलेली मुलगी वाटते. अडचण एकच : ४८ने टिपलेल्या शॉटमध्ये बोलता येत नाही, ओठही संथ हलतात. तेव्हा मोठ्या कमलाने तोंड मिटून मारामारी करायची आणि संवाद चेहऱ्याच्या जवळच्या चौकटीत, नेहमीच्या वेगाने.

उलटी_टोपी

बे_एके_बे, गणित बरोबर, पण ४८ फ्रेम्सवाल्या शॉटात समोरचा खलनायकही संथ होतो. तो नेहमीच्या मापाचा आहे. म्हणजे दोघांना वेगवेगळं टिपून जोडायचं, आणि परत आलो आपण निळ्या पडद्यापाशी.

बे_एके_बे

हो. म्हणूनच दर भागात एकदा म्हटलं.

मोडीलिपी

तंत्राचं वाचून मजा आली, पण शाईपाणींच्या मूळ मुद्द्याकडे येऊ. तुमचं म्हणणं, कॅरल व्हायचा मोह मालिकेत गेला. मला वाटतं तो गेला नाही, कपड्यांत गेला. पहिला भाग आठवा. कमला ॲव्हेंजरकॉन या चाहत्यांच्या मेळाव्याला कॅरलचा वेश करून जाते, कडं तिने त्या वेशाला शोभेल म्हणून चढवलेलं असतं, आणि शक्ती पहिल्यांदा फुटते ती त्या वेशात. वाचवते कुणाला? झोईलाच. कशाने? मोठ्या हाताने! कॉमिकच्या दुसऱ्या अंकातलं दृश्य ओळीला ओळ आहे, फक्त शरीर बदलण्याऐवजी वेश बदललाय.

यालाही कामाचं कारण आहे. कॉमिकमध्ये कमला कॅरल झाली की चित्रकाराने कॅरल काढायची, झालं. मालिकेत मग पडद्यावरची कॅरल, ब्री लार्सन, लागते. म्हणजे नायिकेच्या जन्माचा सगळा प्रसंग दुसऱ्याच अभिनेत्रीने करायचा आणि पहिल्याच भागात कमला साकारणारी इमान वेलानी गायब. सहाच भाग आहेत हो. प्रेक्षकाला हिचा चेहरा ओळखीचा व्हायच्या आत दुसरा दाखवणं हा आत्मघात झाला असता.

शेवटचा पोशाखही बघा. कॉमिकमध्ये तो बुर्किनीतून, म्हणजे पोहण्याच्या अंगभर पोशाखातून, बनतो. मालिकेत तिची आई, मुनीबा, तो स्वतः तयार करून देते. गळ्यातली नावाची साखळी तुटून तिचा विजेचा आकार होतो, तेच छातीवरचं चिन्ह. आणि वडील सांगतात की कमला या नावातच 'कमाल' आहे. परक्या वेशापासून घरच्या वेशापर्यंत, तुमच्या नियमाचाच हा प्रवास झाला की.

शाईपाणी

मोडीलिपी, झोईचा धागा मी पाहिलाच नव्हता, मानलं. पण एक फरक राहतोच. वेश काढायला काही लागत नाही. कॉमिकमध्ये कॅरल बनून राहण्याची किंमत आहे, गोळीची जखम भरत नाही. पुढेपुढे बरं व्हायला तिला ताकद खर्चावी लागते आणि ती भुकेने कासावीस होते. मालिकेत प्रकाशाची किंमत काय? काहीच नाही. थोडं धडपडायचं, मग जमतं. म्हणून पाचव्या भागापर्यंत तिला कधी काही होईल अशी भीतीच वाटत नाही.

मालिकेला शक्ती बदलायची मुभा आहे. पण बदललीत तर नव्या शक्तीला नवी किंमत लावा. तेवढं केलं असतं तर मी हा धागा काढला नसता.

रातकिडा

आता हे जरा नेमकं झालं. याच मापाने जुनी उदाहरणं तपासू, म्हणजे कळेल कुठला बदल पचतो.

वंडर वुमन. १९७४चा टीव्हीपट, नायिका कॅथी ली क्रॉस्बी, सोनेरी केस आणि शक्ती शून्य. लोक म्हणतात टीव्हीवाल्यांनी बिघडवली. तर १९६८पासून कॉमिकनेच तिची शक्ती काढून घेतली होती. गंमत म्हणजे १९७३च्या सुरुवातीला कॉमिकने ती परतही दिली. टीव्हीपट आला तोवर त्याचा आधारच उरला नव्हता. उशिरा पोचलेलं रूपांतर.

मग १९७५ला लिंडा कार्टर. गोल फिरून वेश बदलणं ही तिचीच कल्पना, कॉमिकमध्ये ते नव्हतं. सुरुवातीला ते संथ गतीत टिपून, कॅमेरा जागेवर घट्ट ठेवून, एका पोशाखातून दुसऱ्यात विरघळवत दाखवत. प्रत्येक वेळी पोशाख बदलून त्याच जागी उभं राहायचं, तोच कोन, तोच वेग. जरा इकडेतिकडे झालं की दोन डोकी दिसायची. पुढे मध्ये प्रकाशाचा लोळ टाकला आणि विरघळवण्याची कटकट संपली. म्हणजे वेळ वाचवायची युक्ती, आणि तीच तिची ओळख होऊन बसली. नंतर कॉमिकनेही ती उचलली.

सुपरगर्ल, २०१५. तिची अडचण उलटी होती : चुलतभाऊ सुपरमॅन. तो दाखवला तर ती झाकली जाणार. म्हणून पहिल्या सीझनभर तो पाठमोरा, धूसर, किंवा फोनवरचा संदेश. हे जरा हास्यास्पद झालं हे खरं, तरी तिला पाय रोवायला जागा मिळाली. दुसऱ्या सीझनला टायलर हेकलिन आला तोवर मेलिसा बेनोइस्टला कुणाची भीती उरली नव्हती.

आणि माझ्या मते सगळ्यात हुशार बदल 'जेसिका जोन्स'मधला. कॉमिकमध्ये लोकांच्या मनावर ताबा मिळवणाऱ्या खलनायकाची, किलग्रेव्हची, कातडीच जांभळी आहे. रंग फासला असता तर पहिल्याच दृश्यात हसू आलं असतं. मालिकेने तो रंग माणसावरून काढला आणि उजेडात, सुटात, जेसिकाच्या आठवणींत टाकला. जांभळा उजेड दिसला की आपणच दचकतो. याला म्हणतात गोष्ट हलवणं. ती टाकून दिली नाही, दुसऱ्या जागी ठेवली.

चौकटबाह्य

'जेसिका जोन्स'मध्ये कॅरलच्या जागी ट्रिश वॉकर आणली तोही हलवण्याचाच प्रकार. ज्यावरून मालिका झाली त्या 'एलियस' कॉमिकमध्ये जेसिकाची मैत्रीण कॅरल आहे. अवांतर थांबवतो.

मोडीलिपी

रातकिड्याचं माप घेऊनच बोलते. कड्यातला प्रकाश नसता तर पाचवा भाग शक्यच नव्हता. १९४७, फाळणी, शेवटची गाडी सुटायला आलेली, गर्दीत बापापासून हरवलेली छोटी सना, म्हणजे कमलाची आजी. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेली गोष्ट अशी की ती ताऱ्यांच्या वाटेवरून चालत बापापाशी पोचली. कमला तिथे पोचते आणि आपल्याला कळतं की ते तारे हिचेच. लांबलेल्या हाताने हे होत नाही. हाताने मूल उचलून गाडीत ठेवता येईल, ताऱ्यांची दंतकथा होत नाही.

शर्मिन ओबेद-चिनॉय यांनी चौथा आणि पाचवा भाग केलाय. फलाटावरची गर्दी बघा, कॅमेरा कायम माणसांच्या खांद्याच्या उंचीवर आहे, वरून दाखवायचा मोह टाळलाय. म्हणून ती गर्दी वाटते, देखावा वाटत नाही.

शाईपाणी

ताऱ्यांचा प्रसंग मलाही आवडतो, नाकारणार नाही. पण त्याच भागात नजमाचं काय केलंय ते सांगा. तिची क्लॅन्डेस्टाइन टोळी, म्हणजे दुसऱ्या मितीतून आलेले जिन्न, दुसऱ्या भागाच्या शेवटी येते, तिसऱ्यात लग्नाचा विचका करते, पाचव्यात संपते. बाईने मुलाला वाऱ्यावर सोडलेलं, आणि दोन वाक्यांत मन पालटून ती दोन मितींमधल्या पडद्यात स्वतःला झोकून देते. निम्रा बुचासारखी अभिनेत्री हाताशी असून! सहाव्या भागात मग डॅमेज कंट्रोल या सरकारी खात्याची एजंट खलनायिका. उगम सांगायला कडं, कडं सांगायला जिन्न, जिन्न सांगायला दुसरी मिती. शक्ती बदलण्याचा हा छुपा खर्च आहे. धुकं एका पानात उरकत होतं, कड्याने तीन भाग खाल्ले.

उलटी_टोपी

हा मुद्दा एक नंबर. मालिका मापायची ती अशी. तरी कॉमिकचा पहिला खलनायक ठेवला असता म्हणाल तर नको. इन्व्हेंटर म्हणजे एडिसनचा क्लोन, ज्यात पाळीव पक्ष्याचा अंश मिसळून डोकं पोपटासारखं झालंय. कागदावर अल्फोनाच्या रेषेत लोभस दिसतो. माणसाला ते डोकं घालून सहा भाग चालवा बरं.

बे_एके_बे

अल्फोनाची रेष म्हणालात म्हणून. त्याच्या चौकटीत मागच्या कोपऱ्यात काहीतरी चावट चालू असतं, पाटीवरची अक्षरं, डब्यांवरची नावं. पहिल्या दोन भागांत मालिकेने याला उत्तर शोधलं होतं : फोनवरचे संदेश भिंतींवर, रस्त्यावर, दुकानाच्या दिव्यांत उमटतात. चित्रीकरणाआधी भिंत मोकळी ठेवावी लागते, दिव्यांचा आकार ठरवावा लागतो, म्हणजे हे दिग्दर्शकाच्या पाटीवर आधीपासून असावं लागतं. पुढच्या भागांत ते विरळ होत जातं. मला शक्ती बदलल्यापेक्षा याची जास्त रुखरुख आहे.

रातकिडा

+१. प्रकाशापेक्षा ती अक्षरं जास्त कमलाची होती.

मोडीलिपी

शाईपाणी, तुमच्या जखमेवर थोडं मीठ. मालिकेच्या शेवटी ब्रुनो म्युटेशनचा शब्द काढतो, आठवतंय? २०२३ला कॉमिकनेही कमलाला मारलं, परत आणलं आणि म्युटंट, म्हणजे जन्मजात जनुकबदलातून शक्ती मिळालेली, ठरवलं. त्यानंतरच्या चार अंकांच्या 'द न्यू म्युटंट'ची सहलेखिका कोण? इमान वेलानी. कॉमिकवरून मालिका, मालिकेवरून कॉमिक, आणि लिहायला खुद्द नायिकाच बसलेली.

शाईपाणी

वाचलंय. आणि त्यात ती अजूनही हात लांबवते, प्रकाशाचे ठोकळे नाहीत. एवढ्यावर आजची रात्र झोप लागेल.

चौकटबाह्य

एक चूक दाखवतो आणि जातो. वर रातकिडा यांनी दोन्हीकडचा एकच किलग्रेव्ह धरलाय. कॉमिकमध्ये त्याच्या आडनावात 'एल' दोन आहेत, मालिकेत एक. आपल्या लिपीत फरक कळत नाही म्हणून सुटलात.